नोंद दोनशे बारा: तेच

१

आमच्या ऑफिसात दिवसभर दोनच शब्द बोलले जातात. ‘तेच’ आणि ‘वेगळं’. बाकी जे काय बोलायचं ते चहाच्या वेळी.

काम असं. कुणीतरी जुन्या सिनेमावरून नवा सिनेमा काढतो. मूळवाला म्हणतो, मी तुला नुसती गोष्ट दिली होती, तू तर घरदार उचलून नेलंस. नवावाला म्हणतो, छे हो, गोष्ट तुमची, बाकी सगळं माझं. मग दोघांचे वकील आमच्याकडे येतात. आम्ही दोन्ही सिनेमे एकाच वेळी लावतो आणि एकेका शॉटची नोंद करतो. खोलीच्या मधोमध छतापर्यंत लाकडी फळी आहे. फळीच्या डाव्या बाजूला मी, माझ्यासमोर मूळ. उजव्या बाजूला भिंगकाका, त्यांच्यासमोर नवा. मला दिसतं ते मी मोठ्याने सांगायचं, त्यांनी आपल्या पडद्यावर बघून ‘तेच’ किंवा ‘वेगळं’ म्हणायचं, आणि मी ते लिहायचं. फळी का, तर शेजारचं दिसायला लागलं की डोळा लबाडी करतो. सगळं सारखंच वाटायला लागतं.

भिंगकाकांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, मी कधी वाचलं नाही. तीस वर्षं ते हेच करताहेत. त्यांचा एक सिद्धांत आहे. चांगली कल्पना दोघांना वेगवेगळी सुचू शकते, पण चूक ज्याची त्याची असते. म्हणून दोन सिनेमे ताडून बघताना सौंदर्य बघत बसायचं नाही, चुका शोधायच्या. एका शॉटात अर्धा असलेला पेला पुढच्या शॉटात भरलेला. भिंतीवर माइकची सावली. अशी जुन्यातली चूक नव्यात सापडली की समजायचं, माल तिथलाच.

मी बेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगते, दिवसभर दोघांची तुलना करून आल्यावर घरी तिसरा कशाला? खरं म्हणजे घरी बाबा आहेत. एकाहत्तर वर्षांचे. जन्मभर चष्म्याची भिंगं घासली, आणि स्वतःला अजून चष्मा नाही. आमच्या कामाचे दोन शब्द त्यांनी केव्हाच उचललेत. मी भाजी वाढते, ते पहिला घास घेतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, “तेच.” मी म्हणते, मुकाट्याने जेवा.

२

त्या सोमवारी फाइल आली आणि वरचं सिनेमाचं नाव मी दोनदा वाचलं. तेव्हाच काकांना सांगायला हवं होतं. आमच्यात नियम आहे, सिनेमात आपलं कुणी असेल तर ते काम दुसऱ्याने करायचं. मी सांगितलं नाही. ते तीन सेकंद दुसऱ्या कुणी मोठ्याने वाचून दाखवावेत, हे मला सोसलं नसतं.

माझी आई त्या सिनेमाच्या कपडेपटात होती. मापं घेणं, शिवण, इस्त्री, ऐन वेळी सुटलेलं बटण लावणं. अंगात निळा डगला, गळ्यात मापाची टेप, मनगटाला टाचण्यांची उशी. आई डावखुरी होती, त्यामुळे ती उशी उजव्या मनगटाला बांधायची. इतर बायका डाव्या.

सिनेमात एक प्रसंग आहे. नायिका आरशासमोर बसून पत्र वाचते. आरशात तिच्या पाठीमागचं दार दिसतं. नायिकेच्या कॉलरमध्ये एक टाचणी राहिली होती, ती काढायला आई आली. दार उघडलं, बघते तर कॅमेरा चालू. तिची जीभ सवयीप्रमाणे हलली. ‘येते हं.’ दार बंद. पाठीमागे झालेलं नायिकेला कळलं नाही, ती त्या टेकला अशी काही रडली की दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा घ्यायचं नाही. चूक तशीच राहिली. बघणाऱ्यांना वाटतं, घरातली कुणी बाई डोकावून गेली.

त्या दारामागे घर नव्हतं. सेटच तो. दोन हात मोकळी जागा आणि मग स्टुडिओची कोरी भिंत. आई त्या दारामागे गेली आणि त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

मी आठ वर्षांची होते. खूप शोधाशोध झाली. मग लोकांच्या जिभांना हाड राहिलं नाही. कुणी म्हणालं पळाली, कुणी म्हणालं कुणाबरोबर तेही माहीत आहे. बाबांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. त्यांचं एकच पालुपद. “जायचं असतं तर जाते म्हणाली असती. ती येते म्हणाली.”

आता हे काय बोलणं झालं? निघताना कुणीच ‘जाते’ म्हणत नाही. मी लहानपणी एकदा म्हणाले होते, तर आईनेच टपली मारली होती. जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. म्हणजे ‘येते’ला तसा अर्थच नाही, नुसती रीत. पण हे बाबांना कोण सांगणार? चौतीस वर्षं आमच्या दाराला दिवसा कडी लागलेली नाही.

दर रविवारी दुपारी जेवणानंतर बाबा तेवढाच प्रसंग लावून बघतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भोकाड पसरलं होतं. ही आई नाही, हिची उशी चुकीच्या हाताला आहे. बाबांनी मला उचलून कपाटाच्या आरशापुढे नेलं आणि म्हणाले, उजवा हात वर कर. आरशातल्या मुलीने डावा केला. “आरशात उलटं दिसतं बाळ. तीच आहे.” त्यानंतर मी रडले नाही.

३

बुधवारी सकाळी आम्ही त्या प्रसंगाला पोचलो. मी आवाज सपाट ठेवला.

“नोंद दोनशे बारा. बाई आरशासमोर, हातात पत्र. आरशात मागचं दार. दार उघडतं. निळ्या डगल्यातली बाई, गळ्यात टेप. ओठ हलतात. दार बंद.”

“तेच,” फळीपलीकडून काका म्हणाले.

मी ‘तेच’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. आणि मग पेन थांबलं. तेच कसं असेल? अपघात होता तो. नव्या दिग्दर्शकाने जुना सिनेमा देव्हाऱ्यात ठेवला असला, तरी अपघाताची तालीम कोण घेतं? मग वाटलं, असतात असे भक्त. देवाच्या मूर्तीचा टवका उडाला असेल तर नव्या मूर्तीचाही उडवतील. मी स्वतःशीच हसले आणि माझ्या पडद्याकडे पाहिलं.

आरशातलं दार बंद होतं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. नायिका बसली, पत्र उघडलं, रडली, पत्र मिटलं. मागचं दार उघडलंच नाही. पाच वेळा पाहिलं. दार म्हणजे नुसतं दार, पितळी मुठीचं, बंद.

म्हणजे मी बघून बोललेच नव्हते. तोंडपाठ होतं ते म्हणून मोकळी झाले होते. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. पाठ म्हटलं म्हणून काकांनी आजवर दोघांना घरी पाठवलंय.

मी म्हटलं ठीक आहे, वकिलांनी पाठवलेली प्रत छाटलेली असेल. जुन्या सिनेमाच्या छप्पन्न प्रती असतात. पण छाटली असती तर तीन सेकंद कमी भरले असते. शॉटची लांबी बरोबर होती. मी मोजली.

“काका,” मी विचारलं, “तुम्हाला काय दिसलं?”

“तू सांगितलंस तेच. दार, डगला, टेप.” मग म्हणाले, “फक्त बाई म्हातारी आहे. केस पांढरेशुभ्र. तू वय सांगितलं नाहीस, म्हणून मी बोललो नाही.”

४

फळी ओलांडून पलीकडे जायचं नाही, हा दुसरा नियम. मी गेले. काकांनी माझं तोंड बघितलं आणि खुर्ची सरकवून जागा केली.

ती आई होती. मला आता कुणी हजार गोष्टी सांगा. चौतीस वर्षांनी म्हातारी झालेली, गालांची हाडं वर आलेली, पण तीच. माझी हनुवटी तिच्या चेहऱ्यावर होती. उशी डाव्या मनगटाला दिसत होती, कारण मध्ये आरसा होता.

मला रडू आलं ते आनंदाने. जिवंत आहे! गेली असेल कुठे, का गेली ते मागाहून भांडू, पण पोटासाठी तेच काम करत राहिली आणि योगायोगाने याच सिनेमाच्या कपडेपटात लागली. नाहीतरी तिला दुसरं काय येत होतं? याच सिनेमाच्या? याच प्रसंगात? तेवढा विचार मी बाजूला ठेवला. आईपुढे हिशेब करत बसायचं नसतं.

मग मी काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट. त्यांनी तो शॉट पुन्हा लावला, अगदी हळू, आणि पडद्याला नाक लावून बसले.

“तुझी आई काय म्हणते म्हणालीस?”

“येते हं.”

“ये म्हणताना ओठ आडवे ताणले जातात. हिचं तोंड उघडतंय बघ. ही जाते म्हणतेय.”

मी बघितलं. स्वतः म्हणून बघितलं, येते, जाते, येते, जाते, वेड्यासारखं. काका बरोबर होते.

दुपारी मी नव्या सिनेमाच्या संकलकाला फोन केला. तो बिचारा आधीच वैतागलेला होता. म्हणाला, ती बाई आम्ही घातलेली नाही. आम्ही मूळ बघूनच शूटिंग केलं, पण ती चूक गाळायची असं ठरलं होतं. दार बंदच ठेवलं होतं. संकलनाच्या टेबलावर शॉट बघताना बाई दिसली. युनिटमध्ये विचारलं तर ओळखणारं कुणी नाही. म्हटलं, असेल कुणाची आत्या, शूटिंग बघायला आलेली. मुळाशी जुळतंय म्हटल्यावर दिग्दर्शक खूश झाला, ठेवा म्हणाला.

मी त्यांच्या कपडेपटातही जाऊन आले. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना टांगलेले कपडे, इस्त्रीचा वास. तिथली मुख्य बाई माझ्याहून लहान होती. आमच्यात पस्तिशीपुढचं कुणी नाही, ती म्हणाली, आणि डगले कुठले, आम्ही जीन्स घालून काम करतो. मी निघाले तशी मागून हाक मारून म्हणाली, एक विचारू का? तुम्ही आईचं म्हणालात ना, त्या डावखुऱ्या का? आमच्याकडे मध्यंतरी एका ब्लाउजला शिवण सापडली, कुणी घातली कळेना. टाके उलट्या दिशेने पडले होते.

मी हो म्हणाले. मग जिना उतरताना लक्षात आलं की उलट्या दिशेने म्हणजे कुणाच्या उलट्या, ते मी विचारलंच नाही.

५

शुक्रवारी नव्या सिनेमाची रंग दुरुस्त केलेली प्रत आली. अशी प्रत आली की शंकेच्या नोंदी पुन्हा तपासायच्या असतात. मी डावीकडे बसले. माझ्या आरशात बंद दार.

“सांगा,” मी म्हणाले.

काकांनी शॉट मागे नेऊन पुन्हा लावला. मग म्हणाले, “ये इकडे.”

आई दारात नव्हती. ती खोलीत होती, नायिकेच्या खुर्चीमागे चार पावलांवर. तिच्यामागे दार उघडं होतं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आरशात बघत होती, म्हणजे आमच्याकडे. नायिका पुढे बसून रडत होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता.

रंग दुरुस्त करताना माणूस चार पावलं पुढे येत नाही. एवढं मलाही कळतं. मी संकलकाला फोन लावला. तो म्हणाला, दुसरा टेक घेतला असेल आम्ही, बघतो. त्याने बघितलं नाही, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

काकांनी चहा मागवला आणि दार लावून घेतलं. ते एरवी माझ्याशी अगं-तुगं करत चेष्टा करतात, त्या दिवशी केली नाही.

“पोरी, नोंद दोनशे बारा चुकीची आहे. मूळ रिकामं, नवं भरलेलं. म्हणजे वेगळं. उद्या दुपारी तक्ता वकिलांकडे जाईल. त्याआधी खोडून लिही.”

“मी पाहिलंय काका. आयुष्यभर पाहिलंय. होती ती मूळ सिनेमात.”

“असेल. मी नाही म्हणत नाही. पण तू त्या दिवशी काय बघितलंस? बंद दार. आणि लिहिलंस काय? जे दिसत नाही त्याला तेच म्हणू नये. तिसाव्या वर्षी मला हे कुणी शिकवलं नाही, मी शिकलो.”

त्यांना काय शिकायला लागलं, ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. डावीकडून ती गेली. घरची प्रत अजून बघितली नव्हती, बघायची छाती नव्हती. आता या कागदावरून पण ‘तेच’ खोडलं, तर ती मूळ सिनेमात कधी होती याला पुरावा उरतो कुठे? माझी आठवण? बाबांची? आमच्या दोघांच्या आठवणीला वकील विचारत नाहीत.

शनिवारी दुपारी तक्ता गेला. नोंद दोनशे बारा: तेच. खाली माझी सही.

६

रविवार उजाडू नये असं वाटत होतं. मी सकाळपासून बहाणे शोधत होते. यंत्र बिघडलंय म्हणाले, तर बाबांनी स्वतः वायर नीट केली. बाहेर जाऊया म्हणाले, तर म्हणाले, नंतर. जेवण झालं, त्यांनी हात पुसले आणि खुर्ची पडद्यासमोर ओढली. मी पाठीमागे उभी राहिले. चौतीस वर्षं या माणसाचा आठवडा या तीन सेकंदांवर उभा होता, आणि ते रिकामे आहेत हे मला माहीत होतं. त्यांचं काय होईल या भीतीने मी खुर्चीची पाठ धरून ठेवली.

नायिका बसली. पत्र उघडलं. आरशात दार होतं. बंद. ती रडली. पत्र मिटलं.

बाबा खुर्ची आणखी पुढे ओढून बसले. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा बंद दार. मग यंत्र बंद करून खुर्ची जागेवर ठेवली.

“निघाली वाटतं,” ते म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले, जणू शेजारची बाई बाजाराला निघाली असावी. मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाले, “काही नाही. माझा तो पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय का गं?”

७

सोमवारी शेवटची प्रत आली, जी थेटरात लागणार ती. काका म्हणाले, चल, एकदाच बघू आणि विषय संपवू. मी डावीकडे बसले, ते उजवीकडे.

माझ्या पडद्यावर नायिका बसली. आरशात दार होतं. या वेळी ते सताड उघडं होतं आणि त्यात कुणी नव्हतं. दारापलीकडे दोन हात जागा आणि कोरी भिंत दिसत होती. मी या आधी ती भिंत कधीही पाहिली नव्हती.

“बाई आरशासमोर,” मी म्हणाले. या वेळी बघून, एकेक शब्द. “आरशात दार. दार उघडं. दारात कुणी नाही. खोलीत कुणी नाही.”

“तेच,” काका म्हणाले.

मग काका उठून फळीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले, “बघ, तुझी नोंद बरोबर निघाली.” त्यांना ते चेष्टेने म्हणायचं होतं, पण जमलं नाही. पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “घरी जा. वडील एकटे आहेत ना?”

मी धावत नाही, मला दम लागतो. त्या दिवशी धावले. वाटेत स्वतःला समजावत होते, की यात घाबरण्यासारखं काय आहे? आई मूळ सिनेमातून निघाली, नव्यात आली, आता नव्यातूनही निघाली. येते म्हणाली होती. चौतीस वर्षं वाट बघून ती यायला निघाली, तर मुलीने धावत जावं ते आनंदाने. मग माझ्या पायांना भीती कसली होती? ‘जाते’ म्हणणाऱ्या त्या तोंडाची. निघताना येते म्हणायचं असतं. मग जाते कधी म्हणायचं?

संध्याकाळचे पाच वाजले होते, स्वच्छ उजेड होता. जिन्यात कुणाच्या तरी घरी कुकर शिट्टी देत होता. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा बाहेरच्या खोलीत, पांढरा शर्ट घालून, दाढी करून बसले होते. टेबलावर तीन कप होते.

मी आत येऊन कडी लावली.

“का लावतेस?” बाबा म्हणाले. “दिवसाची?”

ते भांडले नाहीत, उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. दाराला त्यांनी स्वतः घासून बसवलेलं भिंग आहे, वाटाण्याएवढं. ते माझ्या उंचीला बसवलंय, मी एकटी असेन तेव्हासाठी. बाबा आता वाकलेत, त्यांचा डोळा तिथे पोचत नाही.

दारावर टकटक झाली. दोनदा, हलक्या हाताने. बाबांनी डोळे मिटले.

“बघ,” ते म्हणाले. “आणि दिसतं ते सांग.”

मी भिंगाला डोळा लावला.

“निळा डगला,” मी म्हणाले.

“तेच,” बाबा म्हणाले.

“गळ्यात टेप.”

“तेच.”

“केस पांढरे.”

“ते होणारच गं. माझे झाले नाहीत का?” त्यांचे डोळे अजून मिटलेले होते आणि पापण्यांखालून पाणी येत होतं. “उशी आहे?”

उशी होती. डाव्या मनगटाला. जिन्यात आमच्या आरसा नाही. आरसा कुठेच नव्हता, मध्ये फक्त एक भिंग आणि एक फळी होती. भिंगाने माणूस लांब दिसतो, बुटका दिसतो, पण त्याचे हात बदलत नाहीत. भिंगवाल्याची मुलगी आहे मी, मला हे लहानपणापासून माहीत आहे. बाहेरचं तोंड आईचं होतं. हनुवटी माझी होती. ती अगदी शांत उभी होती, कुणीतरी काहीतरी लिहिण्याची वाट बघत असल्यासारखी.

मला भीती वाटत होती आणि मला आई हवी होती. पण या दोन्हीपेक्षा माझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून डोळे मिटून उभा असलेला माणूस मला मोडायचा नव्हता. एक शब्द खरा बोलले असते तर तो उभ्या जागी मोडला असता.

“आहे ना उशी?” बाबांनी पुन्हा विचारलं. “कुठल्या हाताला?”

मी भिंगावरून डोळा काढला आणि पाठ होतं ते म्हणाले.

“उजव्या.”

“तेच,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी कडी काढली.

“जाते हं,” ती म्हणाली, आणि आत आली.